सातवी 'ब': तीन पोरांच्या नोंदी (2024-25)

24 जून 2024

सोलापुरातली आमची शाळा उघडून आठवडा झाला आणि वर्गाची तक्रारवही अर्धी भरली. नीट पाहिलं तर तीनच नावं पुन्हा पुन्हा. नावं इथे देत नाही, बसतात त्या जागेवरून लिहिते: दारवाला, खिडकीवाला आणि पंख्याखालची.

यंदा या तिघांना शिक्षा न करता त्यांच्याबरोबर बसून प्रश्न सोडवून बघायचे ठरवलंय. पद्धत अमेरिकेतले बालमानसतज्ज्ञ रॉस ग्रीन यांची. पोराला जमत असतं तर त्याने नीट केलंच असतं, काहीतरी जमत नाही म्हणून तो बिघडतो, असं ते धरून चालतात. त्यांच्याकडे तीन वाटा आहेत. प्लॅन ए म्हणजे मोठ्यांनी ठरवायचं आणि लादायचं. आमच्याकडे आजवर तोच. प्लॅन सी म्हणजे एखादी अपेक्षा सध्यापुरती, ठरवून बाजूला ठेवायची. प्लॅन बी म्हणजे पोराचं आधी पूर्ण ऐकायचं, मग आपली काळजी सांगायची, मग दोघांना चालेल असा तोडगा दोघांनी शोधायचा. ऐकायला सोपं आहे. करून बघणाऱ्यांसाठी या नोंदी.

2 जुलै

आज ग्रीन यांच्या पद्धतीतला फॉर्म भरायला घेतला. पोराला कोणती कौशल्यं कमी पडतात आणि नेमकं कुठे अडतं, एवढंच त्यात लिहायचं. मधल्या सुट्टीत सातवीला शिकवणारे सगळे जमलो. चहा संपला, फॉर्म कोराच.

कारण लिहायला घेतलं की पहिलं वाक्य येतं, "वर्गात दंगा करतो." दंगा हे वर्तन झालं, ते इथे लिहायचं नाही. मग, "घरचे लक्ष देत नाहीत." हा आपला अंदाज, तोही नको. मग, "गणितात अडचण आहे." हे फारच मोठं, धरायचं कुठे? घासूनपुसून दारवाल्याच्या नावापुढे एक ओळ उरली: "हजेरी झाल्यानंतर वर्गात येऊन जागेवर बसायला अवघड जातं." या एका ओळीला जवळपास सगळी सुट्टी गेली. पण ही ओळ पोरासमोर जशीच्या तशी वाचता येते आणि त्याला आरोप वाटत नाही. नवीन माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा असं माझं मत झालंय.

खर्च: झेरॉक्स आणि दोनशेपानी वही मिळून दीडशेच्या आत.

9 जुलै

पहिलं बोलणं फुकट गेलं. दारवाल्याने सकाळी बाक लाथेने सरकवला, आणि त्याला लगेच मुख्याध्यापकांच्या खोलीत घेऊन बसले. समोर मोठं टेबल, बाहेर दारातून डोकावणारी पोरं, आणि त्याचा राग अजून नाकावर. खाली मान घालून तो फरशीच्या भेगेत चप्पल घासत राहिला. तास संपला.

भांडण झाल्यावर लगेच बोलायचं नसतं. तशी गरजही नाही, कारण हे प्रकार रोज त्याच वेळी, त्याच जागी होतात. म्हणजे आधीच गाठता येतात. जागा बदलून प्रयोगशाळेमागची सामानाची खोली ठरवली. दोन स्टूल, मध्ये टेबल नाही. वेळेचं जरा अवघड होतं. पीटीचा तास घेतला तर त्याला शिक्षाच वाटेल, शाळा सुटल्यावर थांबवलं तरी तेच. शेवटी बुधवारचा कार्यानुभवचा तास धरला. पुढच्या बुधवारी आषाढी एकादशीची सुट्टी, म्हणजे आणखी एक आठवडा गेला.

24 जुलै

दारवाला बोलला. आठवतंय तोवर लिहून ठेवते.

मी ती ओळ म्हटली: "हजेरी झाल्यावर वर्गात येऊन बसायला तुला अवघड जातंय असं माझ्या लक्षात आलंय. काय होतं तेव्हा?"

"काय नाय."

मी गप्प राहिले. हे गप्प राहणं आम्हा शिक्षकांच्या अंगात नाही, जीभ वळवळते.

"उशीर होतंय बाई."

"उशीर होतो. कशानं?"

"असंच."

इथे अडकलं. अशा वेळी कोण, कुठे, कधी ते विचारायचं, किंवा जेव्हा अडत नाही तेव्हा काय वेगळं असतं ते विचारायचं. मला शनिवार आठवला. शनिवारी सकाळची शाळा, आणि हा सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला असतो. तसं म्हटल्यावर त्याने पहिल्यांदा वर बघितलं.

"शनिवारी आजी शाळा सुटल्यावर जाते की."

"कुठं?"

"कारखान्याला. विड्या द्यायला."

आजी घरी विड्या वळते. रोज सकाळी टोपली घेऊन कारखान्याच्या शाखेत जायचं, नंबर लावायचा, तिथे तपासून, मोजून घेतात. आजीला कमी दिसतं. मोजताना शेजारी उभं राहून बघायचं काम याचं. "मागं दोन जुड्या कमी धरल्या होत्या बाई. मी बघितलो म्हणून कळलं." पंचवीस विड्यांची एक जुडी, चाळीस जुड्यांचे हजार. जे पोरगं गणितात काठावर पास होतं त्याला पंचवीसचा पाढा कुठूनही विचारा, धडाधड म्हणतो. आमची शाळा अकराला भरते, आणि कारखान्यातला नंबर लागता लागताच अकरा वाजतात.

एवढ्यावर मला वाटलं, सापडलं कारण. मी तोडगा सुचवायला तोंड उघडणारच होते. पण ऐकून झालं का ते तपासायचं असतं, म्हणून विचारलं, "आणखी काही?"

"दारात उभं करतात. मग पोरं नाक धरतात. तंबाखूचं वास येतंय म्हणतात."

बाक का सरकतो ते इथे कळलं. उशिराचा त्यात काहीच भाग नव्हता. दारात पाच मिनिटं उभं राहायचं आणि पुढच्या बाकावरच्यांनी नाक दाबायचं. मी "आणखी काही?" विचारलं नसतं तर नंबर लवकर लावून द्यायच्या खटपटीला लागले असते आणि बाक सरकतच राहिला असता.

माझी काळजी सांगितली: पहिला तास गणिताचा, तो बुडतोय, आणि बाक सरकला की पुढच्याला लागतं. घंटा झाली. तोडगा पुढच्या बुधवारी.

31 जुलै

"आजीचं मोजणंही नीट व्हावं, तुझं गणितही बुडू नये आणि कुणाला लागूही नये, असं काय करता येईल?"

"शाळा बाराला भरवा."

दोघंही हसलो. त्याचा पहिला तोडगा होता तो, म्हणून हो-नाही न म्हणता लिहून घेतला आणि "हे माझ्या हातात नाही" एवढंच सांगितलं. मग ठरलं ते असं. आठवड्यातले काही दिवस आत्या आजीबरोबर जाईल. ज्या दिवशी याला जावं लागेल त्या दिवशी मागच्या दाराने येऊन शेवटच्या बाकावर बसायचं, परवानगी विचारायची नाही, हजेरी मधल्या सुट्टीत लावायची. कारखान्यातून निघताना नळावर हात-तोंड धुवायचं हे त्यानेच घातलं. मी सुचवलं नव्हतं, सुचवायची हिंमतही झाली नसती.

14 ऑगस्ट

तोडगा कोसळला. आत्या टॉवेलच्या कारखान्यात आहे, तिची पाळी बदलली, ती दोनदाच जाऊ शकली. ते एक वेळ चाललं असतं. पण गणिताच्या सरांना मागच्या दाराचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी त्याला मागून पुढे आणून दारात उभं केलं. बाक उलटा झाला, पुढच्या पोराच्या अंगठ्याचं नख निघालं, त्याचे वडील शाळेत आले.

स्टाफरूममध्ये एक जुने सर म्हणाले, "आमच्या वेळी दोन रट्ट्यांत मिटलं असतं." शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, कलम 16 नुसार आठवीपर्यंतचं प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत पोराला शाळेतून काढताही येत नाही. हे त्यांनाही ठाऊक आहे, मलाही. कायदा काय करायचं नाही ते सांगतो. मग करायचं काय, ते आमच्यावर सोडलेलं आहे, आणि त्या जागी बहुतेकजण पोराला दारात उभं करतात. त्या कलमातल्या छळात दारातलं उभं राहणंही बसतं असं मी म्हणाले तर जरा गरमागरमी झाली.

गणिताच्या सरांशी वेगळी बसले, अगदी पोराशी बसते तशी. आधी त्यांचं ऐकलं. त्यांची अडचण खरी होती: "उद्या निम्मा वर्ग मागच्या दाराने येईल, आणि याचं गणित राहिलं तर निकालाला मलाच विचारतील." उलट बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं. ठरलं ते असं: सर त्या दिवशीची दोन गणितं चिठ्ठीवर लिहून शेवटच्या बाकावर ठेवणार, मधल्या सुट्टीत ती सोडवून दाखवली तरच हजेरी लागणार. मुख्याध्यापकांनी सोमवार-गुरुवारचा पहिला आणि दुसरा तास अदलाबदल करून दिला. बाकी दिवशी सरांचा दुसरा तास दहावीवर असतो, तिथे काही हलत नाही.

या महिन्यापासून नियम केला: तोडगा ठरला की त्याची चिठ्ठी वर्गावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात.

3 सप्टेंबर

पंख्याखालची. प्रकट वाचनाची पाळी आली की कधी वाचते, कधी पुस्तक फेकते, एकदा शेजारणीची वही फाडली. दिवस ठरलेला नाही म्हणून काही सापडेना. मी कॅलेंडरवर फुल्या मारत होते, त्यातूनही काही कळेना.

सापडलं ते शिपाईमावशींना. फुल्या बघून म्हणाल्या, "बाई, हे तर आमच्या भागातलं पाण्याचं वार हाय." सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि त्यांच्या गल्लीत बहुतेक रात्रीच. घरातल्या मोठ्या पोरीने उठून पिंपं, घागरी, बादल्या भरायच्या. उन्हाळ्यात उजनी धरण उणे साठ्यात, म्हणजे वापरायच्या पातळीच्याही खाली गेलं होतं तेव्हा समजू शकत होतं. ऑगस्टात धरण भरलं, नळाचं वार तेच राहिलं.

तरी हा माझा आणि मावशींचा अंदाज, तिचं म्हणणं नाही. तिला विचारायलाच हवं.

18 सप्टेंबर

विचारलं. ती बोलतच नाही. घरी तेलुगू, वर्गात मराठी वाचते ठीक, पण मनातलं सांगायला मराठी पुरत नाही, आणि मला तेलुगू "कूर्चो"च्या ("बस") पुढे येत नाही. मावशींना बसवलं तर चालेल का हे आधी तिला विचारलं, कारण मावशी त्यांच्याच गल्लीतल्या. थोडा विचार करून तिने मान हलवली.

न बोलणाऱ्या पोरांसाठी पाच बोटांची युक्ती आहे. आपण वाक्य म्हणायचं, पोराने बोटं दाखवायची. पाच म्हणजे अगदी खरं, तीन म्हणजे थोडंफार, एक म्हणजे अजिबात नाही. मावशी तेलुगूतून म्हणत गेल्या.

"पाणी आलेल्या दिवशी झोप होत नाही." चार.

"वाचताना डोळे मिटतात." दोन.

"वाचायला येत नाही म्हणून राग येतो." एक. बोट जरा ठसक्यातच.

"चुकलं की मुलं हसतात." तीन.

"अक्षर चुकलं तर बाई पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावतात." पाच. आणि दुसरा हातही वर.

बाई म्हणजे मीच. ओळ चुकली की परिच्छेद पहिल्यापासून, ही माझी जुनी सवय. ताजीतवानी असते तेव्हा ती हे सोसते, पाण्याच्या दुसऱ्या दिवशी सोसत नाही.

तोडगा: चुकली तर तिथूनच पुढे वाचायचं (हे आता सगळ्या वर्गाला लागू केलं, कुणाचं काही बिघडलेलं नाही). आणि पाण्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्याची बाटली बाकावर आडवी ठेवायची, म्हणजे आज तिची पाळी नाही, उद्या आहे.

27 सप्टेंबर

बाटलीची खूण पोरांना कळली. चारजणांच्या बाटल्या आडव्या. खूण रद्द केली. आता ती सकाळी येताना मावशींना सांगते, मावशी मला. पण मावशी रजेवर गेल्या की काय, हे अजून सुटलेलं नाही.

तिचे वडील वहीच्या प्रकरणावरून आले होते. "मारा की बाई, आमची काय ना नाही." चांगल्या मनाने म्हणत होते. त्यांना मी फक्त एवढं विचारलं की रात्री पाणी भरायला दुसरं कोणी उठू शकेल का. ते जरा वेळ थांबून म्हणाले, "मी रात्रपाळीला असतो." तिथे विषय संपला. पाण्याचं वार प्लॅन बीने बदलत नाही.

10 ऑक्टोबर

खिडकीवाला, थोडक्यात. याच्या घरी कसली अडचण नाही, हुशार आहे, डब्यात शेंगाचटणी-भाकरी आणून अर्ध्या वर्गाला वाटतो. पण वेळापत्रक बदललं की बिनसतं. पीटीचे सर आले नाहीत आणि त्या तासाला विज्ञानाच्या बाई आल्या, की हा बाकाखाली. बाहेर काढायला गेलं तर ओरडतो. सगळ्यांना तो लाडावलेला वाटायचा. फॉर्मवर मात्र "आधी ठरलेलं बदललं की जुळवून घेणं" याच्यापुढे सगळ्या शिक्षकांची खूण होती.

तो स्वतःच म्हणाला, "आधी सांगितलं तर चालतं, एकदम आलं की डोकं भरून जातं." मग सकाळी मॉनिटर स्टाफरूममधून त्या दिवशीचे बदल आणतो आणि खिडकीवाला स्वतः ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहितो. तिघांतलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पटकन लागू पडलेलं काम. खडू सोडला तर खर्च नाही.

19 नोव्हेंबर

उद्या विधानसभेचं मतदान. निम्मे शिक्षक निवडणूक ड्यूटीला, त्याआधी प्रशिक्षण. दिवाळीनंतर शाळा उघडल्यापासून फळ्याचा कोपरा दर तासाला खोटा ठरतोय. काल खिडकीवाला पुन्हा बाकाखाली, आणि यावेळी डस्टर फेकून.

बदल आम्हालाच माहीत नसतात तर त्याला आधी सांगणार कसं, हा प्रश्न मी त्याच्यापुढेच ठेवला. बराच वेळ नखं कुरतडून त्याने सांगितलं: जिथे नक्की माहीत नाही तिथे "नक्की नाही" असंच लिहायचं. म्हणजे काहीही आलं तरी ते फळ्यावर होतंच. मला हे सुचलं नसतं. आज सात तासांपैकी चार "नक्की नाही" होते आणि दिवस शांत गेला.

माझीही ड्यूटी लागल्याने दारवाल्याचं बसणं दिवाळीनंतर झालेलंच नाही. ज्यांना हे करायचंय त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरवर फार भिस्त ठेवू नये.

20 जानेवारी 2025

सिद्धरामेश्वराची यात्रा झाली. गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेतल्या जत्रेच्या दिवसांत वर्ग निम्मा रिकामा, आलेली पोरं पाळण्यांच्या गप्पांत. नोंद करण्यासारखं एवढंच की यात्रेत कारखाना बंद होता आणि दारवाला चार दिवस अकराच्या आधी हजर. आल्या आल्या पहिल्या बाकावर बसला. गणिताच्या सरांनी सवयीने चिठ्ठी मागच्या बाकावर ठेवली होती, त्याने ती उचलून आणून पुढे बसून सोडवली.

नाक धरणं थांबलेलं नाही. कमी झालंय. त्या पोरांवर रागावून बघितलं, दोन दिवस टिकलं. खरं तर तोही एक वेगळा न सुटलेला प्रश्न आहे, आणि तो नाक धरणाऱ्यांचा आहे. त्यांच्यातल्या एकाशी फेब्रुवारीत बसायचंय. त्याचीही आई विड्या वळते, हे मला आत्ता कळलं.

26 मार्च

तिघांचे फॉर्म आठवीच्या वर्गशिक्षकांना दिले, सोबत काय चाललं, काय नाही त्याची चिठ्ठी. त्यांनी पहिला प्रश्न केला, "वेळ कुठून काढता?" एका बसण्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ती कार्यानुभवच्या तासातून काढते आणि त्या तासाला वर्ग ग्रंथालयात पाठवते. ग्रंथपालांना हे फारसं आवडत नाही. पूर्वी दर भांडणामागे पालकांना बोलावणं, जबाब, तक्रारवही यात याहून जास्त वेळ जायचा, पण तो कुणी मोजत नव्हतं.

आजची स्थिती: दारवाल्याचा बाक जानेवारीपासून जागेवर आहे, उशीर आहेच. गणिताच्या चिठ्ठ्या कधी पूर्ण, कधी खिशात विसरलेल्या. पंख्याखालची चुकलं तरी पुढे वाचते. गेल्या आठवड्यात मावशी रजेवर होत्या, तेव्हा तिने स्वतः येऊन "आज नको" एवढं मराठीत सांगितलं. खिडकीवाल्याच्या चिठ्ठीवर आठवीच्या सरांसाठी लाल शाईने लिहिलंय की फळ्याचा कोपरा पहिल्या दिवसापासून सुरू ठेवा.

नाक धरणाऱ्याशी दोनदा बसले. पहिल्यांदा "मी कुठं काय केलं" यावरच संपलं. दुसऱ्यांदा त्याने एवढं सांगितलं की मागच्या वर्षी त्यालाही असंच म्हणायचे. अजून तोडग्यापर्यंत आलेलो नाही. परीक्षेआधी एक बुधवार मिळतोय, तो त्याच्यासाठी ठेवलाय.